बाबांची दोन मिनिटं

माझ्या कपाटात एक बाई बोलते. दर तासाला बोलते. "दोपहर के तीन बजे हैं," एवढं सांगते आणि गप्प होते. साड्यांच्या खाली कुठेतरी आहे ती. घरी आलेल्या पाहुण्याने पहिल्यांदा ऐकलं की त्याचा चहाचा कप हातातच राहतो. तो माझ्याकडे बघतो. मी म्हणते, "काही नाही हो, घड्याळ आहे." मग तो हसतो. मला मात्र अजून हसू आलेलं नाही.

डोळे गेलेल्या माणसांसाठी मिळतं तसलं बोलकं घड्याळ आहे ते. आकड्यांचं. भावाने पुण्याहून बाबांसाठी पाठवलं होतं. तिचं तोंड बंद करायची काहीतरी युक्ती आहे म्हणे, दोन बटणं एकदम दाबून धरायची वगैरे. ती मी कधी करून पाहिली नाही. सेल संपला की आपोआप गप्प होईल, अशी वाट बघत होते. बाबांना जाऊन दुसरं वर्ष लागलं तरी संपत नाही, काय सेल म्हणावा हा! रविवारी दुपारी घरात कोणी नसतं, मी जरा आडवी झालेली असते, डोळा लागतो न लागतो तोच ती बोलते आणि माझ्या तोंडून "हो" निघून जातं. कोणाला म्हणते मी हो? मग उठून बसते. बाहेरच्या खोलीत बाबांच्या खुर्चीकडे बघायचं टाळत पाणी प्यायला जाते. खरं सांगायचं तर त्या वेळी मला भीती वाटते. या वयात, आपल्याच घरात, भर दुपारी.

"फेकून का देत नाही?" असं विचारणारे भेटतात. त्यांना मी सांगते, तुमच्या घरचं बघा.

त्याच कपाटाच्या वरच्या खणात बाबांचं मनगटी घड्याळ आहे. चावीचं, काट्यांचं, वर काच नसलेलं. ते बंद आहे, आणि बंद आहे हेच बरं आहे. ज्याचं घड्याळ तो माणूस गेला की ते थांबलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज सकाळी चावी देणारी बोटंच राहिली नाहीत, तर काट्यांनी कोणासाठी गरगरायचं? एवढी साधी लाज त्या आकड्यांच्या घड्याळाला नाही. माणूस गेलेलं त्याला कळत नाही. ते आपलं सांगतच बसतं.

बाबा एसटीत कंट्रोलर होते. म्हणजे स्टँडवरच्या जाळीच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारणारा आणि गाडी सोडायची परवानगी देणारा माणूस. वर्धा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी त्यांची बरीच नोकरी झाली. शाळा सुटली की मी त्या खोलीत जाऊन बसायची. तिथे डिझेलचा, बिडीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास असायचा. बाबा माईक तोंडाजवळ धरायचे, आधी एक फुंकर मारायचे, मग त्यांचा आवाज एकदम सरकारी व्हायचा. "आर्वीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." घरी माझ्या आईला हाका मारणारा हाच माणूस का, असा मला प्रश्न पडायचा.

रोज आंघोळ झाली की बाबा घड्याळाला चावी द्यायचे. रेडिओच्या वेळेशी ते बरोबर मिळवायचे, आणि मग, हे मी कितीतरी वेळा बघितलं आहे, चावी ओढून मोठा काटा मुद्दाम दोन मिनिटं मागे घ्यायचे. मी विचारलं, काऊन?

"कोपऱ्यावरच्या पानठेल्यापासून पळत येनाऱ्या मान्साले स्टँडात पोचाले दोन मिनिटं लागतात," ते म्हणाले. "आपन खिडकीतून त्याच्याकडे पाहून गाडी थांबवली तं त्याच्यावर उपकार झाले. घडीच मागं असली तं कोनाचेच उपकार नाई."

ड्रायव्हर-कंडक्टरांना हे पक्कं माहीत होतं. "साहेब, तुमची घडी म्हातारी झाली," असं ते चिडवायचे आणि स्टिअरिंगवर बसून शांतपणे तंबाखू मळायचे. मग खरोखरच कोणीतरी धापा टाकत यायचं. कडेवर लेकरू असलेली बाई, दवाखान्यात निघालेला म्हातारा, परीक्षेला जाणारी पोरगी. बाबा त्यांच्याकडे मान वर करून बघायचेही नाहीत. घड्याळाकडे बघायचे आणि शिट्टी मारायचे. ती दोन मिनिटं ड्रायव्हर पुढच्या रस्त्यात भरून काढायचा. स्टँडवर त्यांना नावच पडलं होतं, साहेबांची दोन मिनिटं.

काट्याला जाडी असते. त्या जाडीत एक-दोन मिनिटं सहज मावतात. नऊ वाजून गेले की वाजायचे आहेत, यावर दोन भल्या माणसांची दोन मतं होऊ शकतात. आकड्यांत तशी सोयच नाही. बाबांच्या नोकरीच्या शेवटाला सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, आणि जाळीपाशी येऊन माणसं स्क्रीन दाखवायला लागली. "साहेब, नऊ बारा झाले. गाडी काऊन नाई सोडत?" बाबा भडकायचे. "नऊ बारा म्हंजे काय बाप्पा? सव्वानवाले तीन कमी आहेत, असं म्हन ना!" पण आवाजात जोर नसायचा. मोबाईलसमोर त्यांचं घड्याळ खोटं ठरायचं. रिटायर झाले तेव्हा सत्काराच्या भाषणात सगळ्यांनी त्यांना 'वेळेचे पक्के' म्हटलं. बाबा मान खाली घालून हसत होते.

मी शिक्षिका आहे, वर्ध्यातच, आणि मी चिडकी आहे. दोन्ही गोष्टी गावाला माहीत आहेत. लग्न केलं नाही, त्याची चर्चा करणं आता मावशांनीही सोडून दिलं आहे. परीक्षेच्या वेळी वर्गात सुपरव्हिजन करताना माझा पारा हमखास चढतो. समोर भिंतीवर ताटाएवढं घड्याळ टांगलेलं असतं, आणि तरी एक हात वर होतो.

"मॅडम, किती वाजले?"

"डोळे आहेत ना? समोर बघ."

"मॅडम, ते काट्यांचं आहे."

आता काय बोलायचं, सांगा! दहावीचं पोर आहे. मोबाईल काढून घेतला, हातातलं रबरी घड्याळ बाहेर ठेवायला लावलं की यांच्यासाठी वेळच संपते. मग मी वर्गाला सांगते, अरे, काटे वाचू नका, नुसती फोड बघा. मोठा काटा इथून तिथपर्यंत जायचा आहे ना, मधे भाकरीच्या चतकोराएवढी जागा उरली आहे ना, तेवढा वेळ तुझ्याजवळ आहे. लिही त्यात काय लिहायचं ते. आकडा तुला फक्त आत्ताचं सांगतो. तो भिंतीवर एकटाच लटकलेला असतो, त्याच्या मागे काही नाही, पुढे काही नाही. हे ऐकून पोरं माझ्याकडे अशी बघतात की मॅडमचं डोकं फिरलं असावं. फिरलं असेलही. पण त्यांना कुठे ठाऊक, की हे मी एका आंधळ्या माणसाकडून शिकले.

आई गेली, त्यानंतर बाबा माझ्याकडे वर्ध्यालाच राहिले. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने गेली. आधी दारातून येणारा माणूस दिसेना, मग ताटातली चटणी दिसेना. घड्याळ नाकापर्यंत नेऊन बघायचे. शेवटी तेही दिसेना, तेव्हा एक दिवस म्हणाले, "चाल, घडीवाल्याकडे जाऊ." मी ऑटो केला. मार्केटमधल्या दुकानात जाऊन त्यांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "याची काच काढून दे."

दुकानदार म्हणाला, "काका, धूळ जाईल आत. आपल्याकडे कापसाच्या सीझनले काय राह्यते, मालूम आहे ना?"

"धूळ तं माह्यातही गेली. चालून राह्यलो ना मी?"

काच निघाली. त्या दिवसापासून बाबा बोटाने वेळ वाचायला लागले. आधी लहान काटा चाचपायचे, मग मोठा. अगदी हलक्या हाताने, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून बोट फिरवावं तसं. "पावणेअकरा व्हायले आले," असं म्हणायचे, आणि चेहऱ्यावर असं समाधान यायचं की बघत राहावं. अंधारात बसलेल्या माणसाला दिवस कुठवर आला, हे आपलं आपण कळणं काय असतं, ते मला तेव्हा समजलं. मला विचारावं लागत नव्हतं ना त्यांना! त्यांना विचारणं आवडायचं नाही.

बोट कितीही हलकं असलं तरी काटा थोडा सरकायचाच. संध्याकाळपर्यंत घड्याळ कुठल्या कुठे गेलेलं असायचं. बाबा आंघोळीला गेले की मी ते बरोबर करून ठेवायची, आणि हो, दोन मिनिटं मागेच ठेवायची. ना गाडी, ना स्टँड, ना पळत येणारं कोणी. तरी ठेवायची. वेळ बरोबर झाली की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

अशात भावाने ते बोलकं घड्याळ पाठवलं. त्याचं प्रेम होतं, त्यात काही वाद नाही. लहान भाऊ माझा. शिकायला पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. सुटी मिळेल तसा यायचा, आणि न येण्याची भरपाई कुरिअरने करायचा. आम्ही डबा उघडला, बाबांनी बटण दाबलं.

"समय हुआ है, ग्यारह बजकर सत्रह मिनट."

बाबा दचकले. "कोन आहे वो घरात?"

मी हसून हसून खाली बसले. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा ती बोलली. "इतकं बारीक कायले सांगते हे बाई?" बाबा म्हणाले. "मले काय पेपर सोडवाचा आहे? किती वाजले ते सांगते, किती राह्यले ते नाई सांगत." फोनवर मात्र भावाला म्हणाले, "चांगली आहे रे, आवाज गोड आहे." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "कपाटात ठेव तिले. पन बंद नको करू. पोरानं पाठवली आहे." म्हणून ती कपाटात आहे, आणि म्हणून ती बोलते.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. दिसेनासं झाल्यापासून बाबा माणूस मनगटावरून ओळखायचे. बारावी झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना एकेक घड्याळ घेऊन दिलं होतं. माझं लहान, गोल, चामड्याच्या पट्ट्याचं. भावाचं चौकोनी, पोलादी पट्ट्याचं. मी शाळेतून येऊन जवळ बसले की त्यांची बोटं माझ्या मनगटावर यायची, पट्टा चाचपायची. "आली का माय?" आवाज त्यांना ऐकू येत नसे असं नाही, पण आवाज सर्दीने बदलतो, वयाने बदलतो. घड्याळावर त्यांचा भरवसा जास्त होता. भाऊ पुण्यात ते रबरी पट्ट्याचं काळं घड्याळ वापरतो, पावलं मोजणारं, नाडी मोजणारं. एका दिवाळीला तो तेच घालून आला. बाबांची बोटं त्या गुळगुळीत काचेवर फिरली आणि त्यांनी हात मागे घेतला. "हे काय आहे? घडी आहे का बिस्किट?" तेव्हापासून तो जुनं चौकोनी घड्याळ बॅगेत टाकून आणायचा, आणि स्टेशनवरून घरी येताना ऑटोत मनगटावर चढवायचा. मी त्याला हसायची. पण दारात आल्यावर बाबांची बोटं त्या पोलादी पट्ट्यावर टेकली की दोघांचेही चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

मग बाबांना न्यूमोनिया झाला.

दवाखान्यात आयसीयूत नेलं आणि दारातच सिस्टरने त्यांचं घड्याळ काढलं. कवळी, जानवं, घड्याळ, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. मला तेव्हा काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला आत गेले तर बाबांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या कडेला बांधलेले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि मास्कच्या आतून ते गाड्या पुकारत होते. पुलगाव. आर्वी. कारंजा. सरकारी आवाज, पण फाटलेला. मधेच विचारायचे, "किती वाजले? अरे, कोनी सांगसान का किती वाजले?" चारी बाजूंनी आकडे लुकलुकत होते. हिरवे, लाल, पिवळे. नाडीचे, श्वासाचे, कशाकशाचे. इतके आकडे, आणि त्या माणसाला दिवस आहे की रात्र एवढंही ठाऊक नव्हतं.

"रात्रीपासून हेच चालू आहे," सिस्टर म्हणाली. "नळ्या उपटतात, म्हणून बांधले."

माझं डोकं फिरलं. मी तिला नाही नाही ते बोलले. तिचा काय दोष होता? पोरगी दमलेली होती. शेवटी मी पिशवीतून घड्याळ काढलं आणि म्हटलं, हे त्यांच्या हातात द्या आणि हात सोडा. नळी उपटली तर मला बाहेर काढा.

"मॅडम, आत काहीच चालत नाई."

"त्यांना दिसत नाही गं. हे बोटाने बघतात ते."

तिने घड्याळ हातात घेतलं. मग तिने स्पिरिटचा बोळा घेतला, पट्टा पुसला, मागची बाजू पुसली. पट्टी सोडली. मी घड्याळ माझ्या वेळेशी मिळवून, चावी देऊन बाबांच्या डाव्या हातात बांधलं. त्यांचं उजवं बोट आपोआप तिकडे गेलं. लहान काटा. मोठा काटा.

"साडेचार?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"दुपारचे?"

"दुपारचे."

त्यांच्या खांद्यातला ताण उतरला. गाड्या पुकारणं थांबलं. सिस्टर दुसऱ्या पलंगाकडे गेली आणि भेटीची वेळ संपली तरी मला बाहेर जा म्हणाली नाही.

डॉक्टरांनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बोलावून घ्या सगळ्यांना. सगळे म्हणजे कोण? एकच तर होता. तो कार घेऊन निघालाही होता. मी बाबांना सांगितलं, येतो आहे तो.

"कवा?"

मी त्यांचं बोट धरलं आणि घड्याळावर खाली, सहाच्या जागी नेलं. "लहान काटा इथे आला की येईल. हा बघा, आत्ता इथे आहे. एवढंच राहिलं." त्यांनी ती जागा दोनतीनदा चाचपली. इथून इथपर्यंत. वाट बघणं हातात धरता येतं, हे त्या घड्याळाशिवाय कसं सांगितलं असतं मी त्यांना? बोलक्या बाईने काय सांगितलं असतं? तिने नुसते आकडे वाचले असते.

वेळ जात राहिली. भावाचा फोन आला, रस्त्यात पुढे काहीतरी अपघात झाला आहे, गाड्या खोळंबल्या आहेत. मी बाबांना काही बोलले नाही. ते बोट ठेवून पडलेले. श्वास मोठा होत चालला होता. सहा वाजत आले, आणि मी बघितलं, त्यांचं बोट मोठ्या काट्याच्या पुढच्या बाजूला होतं. ते त्याला मागे ढकलत होते. हळूच. थोडा वेळ थांबायचे, काटा पुढे आला की पुन्हा मागे.

"काय करता बाबा?"

"थांबवून राह्यलो," ते मास्कमधून म्हणाले. "एक पॅसेंजर राह्यला. कोपऱ्यावर आहे."

मी त्यांचा हात बाजूला केला नाही. पलंगाच्या कडेला डोकं टेकवून रडले. सिस्टर बघत होती, बघू दे. मला त्या क्षणी एवढंच वाटत होतं की ढकला बाबा, जेवढा मागे जाईल तेवढा ढकला. आयुष्यभर लोकांच्या पोरांसाठी थांबलात, आता स्वतःच्या पोरासाठी थांबा.

आणि ते थांबले. भाऊ पोचला तेव्हा बाहेर अंधार पडला होता, पण बाबांच्या घड्याळात सहा वाजले नव्हते.

तो आत आला. शर्ट घामाने चिकटलेला, डोळे लाल. वाकून बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाबा, मी आलोय."

बाबांची बोटं त्याच्या मनगटावर गेली. रबरी पट्टा. गुळगुळीत काच. जुनं घड्याळ त्याने आणलं नव्हतं. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेला माणूस, अशा वेळी कोण घड्याळ शोधत बसतो? बाबांची बोटं त्या काचेवर फिरली, कडेवरून फिरली, काटे शोधत पुन्हा मधे आली. मग ती थांबली.

"कोन साहेब आहेत?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी आहे. तुमचा मुलगा."

इतकी वर्षं पुण्यात काढलेला आवाज. स्वच्छ, शहरी, प्रवासाने बसलेला. बाबांनी उजवा हात उचलून कपाळाकडे न्यायचा प्रयत्न केला. सलाम करत होते ते. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "बाबा, तोच आहे! आला तो!" त्यांनी वैतागून मान हलवली.

"तुले नाई समजत. इन्स्पेक्शनचे साहेब आहेत." आणि मग भावाकडे तोंड करून, फार अदबीने, श्वास घेत घेत म्हणाले, "साहेब, गाडीले टाइम झाला, मले मालूम आहे. पन माहा पोरगा येऊन राह्यला. लांबून येते जी तो. तेवढा आला का सोडतो. दोनच मिनिटं द्या."

भाऊ माझ्याकडे बघत होता. मॉनिटर टिकटिक करत होता. बाबा उत्तराची वाट बघत होते, नोकरीतल्या माणसाने साहेबाच्या उत्तराची बघावी तशी.

भावाने हात सोडला नाही. खाकरून आवाज साफ केला. "थांबवा गाडी," तो म्हणाला. "काही घाई नाही. माझी परवानगी आहे."

"मेहरबानी साहेब," बाबा म्हणाले.

तो तसाच वळला आणि दाराबाहेर गेला. मी एक क्षण मागे राहिले. बाबांची मान माझ्याकडे वळली.

"साहेब गेले का?"

"गेले."

"मानूस चांगला आहे," ते म्हणाले. "जरा बाहेर पाह्य ना माय, कुठवर आला तो."

सकाळी बाबा गेले. आम्ही दोघं बाहेर बाकावर होतो. त्यानंतरचे सगळे दिवस, राख सावडणं, तेरावं, माणसांची ये-जा, भाऊ मला काही विचारत नव्हता. पुण्याला परत गेला आणि मग त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ताई, मी बाहेर गेल्यावर ते काही बोलले का गं? तू मागे थांबली होतीस."

तेव्हापासून तो अधूनमधून हे विचारतो. शब्द बदलून विचारतो, जणू पहिल्यांदाच विचारतो आहे. कधी ऑफिसातून, कधी गाडी बाजूला घेऊन. मी फटकळ बाई आहे, तोंडावर खरं बोलण्यासाठी बदनाम आहे. माझ्याच्याने कोणाची समजूत काढणं होत नाही.

"बोलले ना," मी त्याला सांगते. "तू बाहेर पडल्याबरोबर म्हणाले, आला माहा पोरगा."

"असंच म्हणाले?"

"हो रे. अगदी असंच."

पलीकडे तो रडतो. मी फोन कानाला लावून उभी राहते, त्याचं होईपर्यंत.